धूळपेरणीच्या बेटांना लक्झेंबर्गची साथ

ज्वारीच्या पाट्यांमध्ये तुरीची ओळ टाकावी, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते, हे बेळगावकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, भर समुद्रात असलेल्या केप व्हर्डे बेटांवरचा शेतकरीही असेच करतो. मक्याबरोबर तो घेवडा, चवळी आणि तूर पेरतो. तूर ही मूळची आपल्याच देशातली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पाऊस येईल या भरवशावर कोरड्या मातीतच बी टाकायचे, म्हणजे आपली धूळपेरणी, तीही तेथे चालते. पाऊस आला तर मका आणि कडधान्य एकत्र शिजवून केलेला ‘काशुपा’ घरोघरी होतो.

पण पाऊस येईलच असे नाही. वर्षाची सरासरी अडीचशे मिलिमीटरच्या आत. विजापूरकडे त्याच्या दुप्पट पडतो, तरी आपण रडतो. दहा बेटे मिळून आकार गोव्याहून थोडा मोठा, ४,०३३ चौरस किलोमीटर. पण पिकाऊ जमीन त्यातली दहावा हिस्सा. १९४० नंतरच्या दशकात दोन मोठे दुष्काळ पडले आणि हजारो माणसे अन्नावाचून मेली. राज्य पोर्तुगीजांचे होते. गोवा १९६१ मध्ये त्या राज्यातून सुटला, ही बेटे ५ जुलै १९७५ रोजी सुटली.

स्वातंत्र्यानंतर तेथील सरकारने केलेली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. परदेशातून मदतीचे धान्य येत असे, ते फुकट वाटले नाही. ते बाजारात विकले आणि त्या पैशातून लोकांना मजुरी दिली. काम कोणते? डोंगरउतारावर दगडी ताली घालणे, ओढ्यांवर बांध बांधणे, उघड्या माळावर झाडे लावणे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. मजुरी घेणाऱ्याची मान ताठ राहते, आणि माती जागच्या जागी राहते.

आता लक्झेंबर्ग या कथेत कोठून आले? हा देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, गोव्याहूनही लहान. आज तो अतिशय श्रीमंत आहे. पण एकोणिसाव्या शतकात तेथली शेतकरी कुटुंबे पोट भरण्यासाठी अमेरिकेला जात होती. पुढे पोलादाचे कारखाने निघाले, मजूर कमी पडू लागले. १९६० नंतरच्या काळात पोर्तुगालमधून माणसे आली आणि त्यांच्यासोबत, पोर्तुगीज पासपोर्टवर, केप व्हर्डेचेही लोक आले. पुरुष इमारतींच्या कामावर, बायका साफसफाईला. घरी पैसे धाडणारी ही माणसेच दोन देशांमधला पहिला पूल. सरकारे नंतर जागी झाली! १९९३ पासून केप व्हर्डे हा लक्झेंबर्गच्या मदतीतला एक प्रमुख भागीदार आहे, आणि २००२ पासून मदतीचे आराखडे काही वर्षांसाठी एकदम ठरू लागले.

मुलांच्या जेवणाचे उदाहरण घेऊ. १९७९ पासून संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम तेथल्या शाळांत दुपारचे जेवण पुरवत होता. २०१० मध्ये त्याने हे काम तेथील सरकारच्या हाती दिले. असा हात निघाला की चूल विझते, हा अनेक देशांचा अनुभव आहे. येथे विझली नाही. सरकारने खर्च उचलला आणि लक्झेंबर्गने पुढची काही वर्षे पैसा व माणसे दिली. नुसते तांदूळ-तेलाची पोती न आणता स्थानिक शेतकऱ्यांची भाजी, कडधान्य आणि कोळ्यांची मासळी शाळेच्या भांड्यात कशी जाईल, हेही पाहिले गेले. पोरांच्या पोटाला ताजे अन्न आणि शेतकऱ्याला ठरलेले गिऱ्हाईक, दोन्ही साधले. सगळ्या शाळांत हे सारखे जमले असे मात्र नाही; डोंगराळ बेटांवर भाजी वेळेत पोहोचवणे अवघड असते.

दुसरे कठीण वळण २००७ च्या अखेरीस आले. केप व्हर्डेचे नाव अतिमागास देशांच्या यादीतून निघाले. अभिमानाची गोष्ट, पण अशा वेळी देणारे हात आखडता घेतात. लक्झेंबर्ग राहिले. सान्तियागो बेटावर आसोमादा येथील रुग्णालय त्याच्या मदतीने उभे राहिले होतेच. पुढे प्राया या राजधानीत हॉटेलकामाची शाळा आणि सौरऊर्जेची यंत्रे बसवण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण देणारे केंद्र निघाले. हे केंद्र आम्हाला अधिक उपयोगी वाटते. त्या बेटांवर पिण्याचे बरेच पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते, त्याला वीज लागते, आणि यंत्र बिघडले की परदेशी कारागिराची वाट पाहणे परवडत नाही. हॉटेलशाळेबद्दल आमचे मन थोडे साशंक आहे. पर्यटन आले की तरुण शेतावर थांबत नाहीत, हे गोव्याच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

आरोग्याची एक आनंदाची बातमीही येथे नोंदवतो. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केप व्हर्डे मलेरियामुक्त असल्याचे जाहीर केले. आफ्रिका विभागात त्याआधी हा मान फक्त मॉरिशस आणि अल्जीरिया यांनाच मिळाला होता. ही मेहनत प्रामुख्याने तेथल्या आरोग्यसेवकांची.

पावसावर मात्र कोणाचा आराखडा चालत नाही. २०१७ मध्ये तो इतका कमी झाला की मका हाती लागला नाही, चाऱ्यावाचून जनावरे विकावी लागली. पुढची वर्षेही कोरडीच गेली. बहुतेक धान्य आजही बाहेरून येते. तरीही जुलै उजाडला की उतारावरचे शेतकरी ताली डागडुजी करून घेतात आणि कोरड्या मातीत मका आणि तूर टाकतात.