संशोधनासाठी नाव द्यावे का?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. हातात चार पानी कागद. "डॉक्टर, शहरातल्या इस्पितळात आबांचे नाव संशोधनासाठी द्या म्हणतात. म्हाताऱ्या माणसावर प्रयोग करणार की काय?"

शंका रास्त आहे. सही करण्याआधी ती विचारलीच पाहिजे.

आबांना सीओपीडी आहे. वर्षानुवर्षे विडी ओढल्याने किंवा चुलीच्या धुरात बसल्याने श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसे निकामी होत जातात. आपल्याकडे त्याला सरसकट दमाच म्हणतात. आजार बळावून रक्तातला प्राणवायू फारच घटला, की घरी ऑक्सिजन लावावा लागतो. "रोज निदान पंधरा तास लावा," असे आम्ही सांगतो. हा पंधराचा आकडा आला कुठून?

१९८१ साली ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशाच धाप लागणाऱ्या ८७ रुग्णांनी त्यात नाव दिले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली. ४२ जणांना घरी रोज १५ तास ऑक्सिजन, ४५ जणांना नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ दगावले, दुसऱ्यातले ३०. त्याआधी, १९८० मध्ये, उत्तर अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांचे मृत्यू जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले.

त्या ४५ जणांवर अन्याय झाला, असे वाचकांना वाटेल. पण घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढते की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळले ते या लोकांमुळेच.

कधी उत्तर उलटेही येते. प्राणवायू थोडासाच कमी असलेल्या ७३८ अमेरिकन रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना ऑक्सिजन दिल्याने ना मृत्यू लांबले, ना इस्पितळाच्या वाऱ्या. अशा रुग्णाच्या घरच्यांनी यंत्रासाठी कर्ज काढू नये, हे आज आम्ही ठामपणे सांगू शकतो.

आता आबांचा कागद. तो मराठीत हवा, आणि घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा. वाचता येत नसेल, तर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर तो वाचून दाखवावा लागतो. नवे औषध मिळणार की तसेच दिसणारे निव्वळ खोटे औषध, आणि नेहमीचा इनहेलर चालू राहणार का, हे स्पष्ट विचारावे. दम्याच्या माणसाला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार, आणि ती चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाई मिळते. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते. त्यासाठी नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही. फुकट तपासण्या होतात एवढ्यासाठी मात्र नाव देऊ नये.

आबांच्या कागदावर नैतिकता समितीचा फोन नंबर होता. इनहेलरबद्दल अवाक्षर नव्हते. "तेवढे विचारून, लिहून घेऊन या," असे मी सांगितले. आबा म्हणाले, "लिहून दिले तर मी जाईन."