बाराव्या नियमाची ताकद

२३ नोव्हेंबर २०१९. महाराष्ट्र जागा व्हायच्या आत, पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधीही उरकला. राजवट उठवायची तर केंद्रीय कॅबिनेटचा निर्णय लागतो. मग रातोरात कॅबिनेटची बैठक झाली तरी कधी? झालीच नव्हती!

कोणता विषय कॅबिनेटपुढे गेलाच पाहिजे, हे केंद्र सरकारचे १९६१ चे कामकाज नियम ठरवतात. त्यांतला बारावा नियम जेमतेम एका वाक्याचा. कोणत्याही प्रकरणात हे नियम बाजूला ठेवायला पंतप्रधान परवानगी देऊ शकतात, आधीच बाजूला ठेवले गेले असतील तर ते क्षम्य ठरवू शकतात. कितपत? त्यांना आवश्यक वाटेल तितपत. कॅबिनेटची कार्योत्तर मंजुरी मग सावकाश घेता येते. २३ नोव्हेंबरच्या पहाटेही हाच नियम वापरला गेला. संविधानाने पंतप्रधानांना मंत्रिपरिषदेचे प्रमुख केले, पण जबाबदारी सगळ्या मंत्र्यांची सामूहिक ठेवली. आणि संविधानाबाहेरच्या एका ओळीत एकट्याच्या हाती एवढे बळ!

या ओळीचा सगळ्यात मोठा वापर झाला २५ जून १९७५ च्या रात्री. पंतप्रधान इंदिरा गांधींना आणीबाणीच्या ३५२ व्या कलमाची वाट दाखवणारे सिद्धार्थ शंकर राय बॅरिस्टर होते, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, पण केंद्रीय कॅबिनेटमध्ये नव्हते. तरी राष्ट्रपतींकडे त्या गेल्या तेव्हा सोबत तेच होते. नंतर धाडलेल्या पत्रात इंदिराजींनी बाराव्या नियमाचा हवाला दिला आणि सकाळी विषय कॅबिनेटपुढे ठेवते, असे कळवले. मध्यरात्रीच्या आत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली. बहुतेक मंत्र्यांना आणीबाणी कळली ती सकाळी सहाच्या बैठकीत. सल्लागाराचे वजन पदावर नव्हे, त्या घडीला तो कोणाच्या शेजारी बसला आहे त्यावर ठरते, याचा इतका लख्ख पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही फट बुजवली, पण फक्त आणीबाणीपुरती. कॅबिनेटचा निर्णय लेखी हाती आल्याशिवाय राष्ट्रपतींना आता आणीबाणी जाहीर करता येत नाही. नवल म्हणजे, ज्या कॅबिनेटच्या निर्णयांवर देशाचा कारभार चालत होता, तिचा उल्लेख संविधानात पहिल्यांदा आला तो या दुरुस्तीने. बाकी सगळ्या विषयांसाठी बारावा नियम आजही जसाच्या तसा लागू आहे.