लिज्यूच्या मठातला दिवस आणि सण

'लिटल फ्लॉवर' म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या संत तेरेझा ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या १५व्या वर्षी, फ्रान्समधल्या लिज्यूच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. १८९७मध्ये तिथंच वारल्या.

दिनक्रम : उन्हाळ्यात पहाटे पावणेपाचला जाग. सकाळ-संध्याकाळ एकेक तास मूक प्रार्थना, ठरलेल्या वेळी एकत्र स्तोत्रपठण, मधल्या वेळात शिवणकाम, धुणं, झाडलोट. मांसाहार फक्त आजाऱ्यांना. मनमोकळ्या गप्पा जेवणानंतरच्या विरंगुळ्याच्या तासाला. तेव्हाही हातात सुईदोरा असायचाच.

सण : नाताळ आणि मठप्रमुखांचा नामदिन थाटात साजरा होई. तेरेझांनी अशा प्रसंगांसाठी ८ नाटुकली लिहिली. २१ जानेवारी १८९५ला त्या स्वतः जोन ऑफ आर्क झाल्या. चितेच्या प्रवेशात स्पिरिटच्या दिव्यांनी खरोखरच पेट घेतला! बाकीच्या आग विझवत होत्या. हलू नका, असं सांगितल्यावर तेरेझा जागच्या हलल्या नाहीत.

छायाचित्रं : बहीण सेलीन १८९४मध्ये मठात आल्या, त्या कॅमेरा घेऊनच. त्यामुळे केसांचा टोप घातलेल्या जोनच्या वेषातल्या तेरेझा आजही पाहता येतात.

गोव्याशी नातं : १९२७मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीनं मिशनकार्याच्या आश्रयदात्या घोषित केलं. झेवियर यांचं शव जुन्या गोव्यात आहे.