सडक्या वांग्यात सापडलेलं औषध

ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. विषय आहे बॅक्टेरिया खाणारे व्हायरस. हो, बरोबर वाचलंत. व्हायरसनाही चांगलं काम करता येतं.

सुरुवात लंडनपासून करू. तिथल्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये १५ वर्षांची एक मुलगी होती. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार, त्यामुळे दोन्ही फुप्फुसं बदलावी लागली. ऑपरेशननंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस नावाचा जंतू अंगभर पसरला. हा टीबीच्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा, पण औषधांना कमालीचा चिवट. छातीवरची जखम भरेना, यकृतापर्यंत संसर्ग गेला. ॲन्टिबायोटिक्स चालू होती, उपयोग शून्य. डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

मग तिचे जंतू पोहोचले अमेरिकेत, पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेत. यांच्याकडे फेजचा प्रचंड साठा, दहा हजारांहून जास्त. फेज म्हणजे फक्त बॅक्टेरियांनाच लागण करणारा व्हायरस. हा साठा जमवला कुणी? बराचसा विद्यार्थ्यांनी! जगभरची कॉलेजची पोरं मातीतून, कुजक्या पाल्यातून फेज शोधून देतात आणि नावंही स्वतःच ठेवतात. त्यातल्या एकाचं नाव ‘मडी’. दक्षिण आफ्रिकेत डर्बनमध्ये एका सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूला तो सापडला होता. आपण असलं वांगं नाक दाबून फेकून देतो, नाही का?

फेज दिसतो कसा? टोकदार डोकं, शेपटी आणि काहींना कोळ्यासारखे पाय. हा बॅक्टेरियावर उतरतो, शेपटीतून स्वतःचा डीएनए आत सोडतो, आणि आतली यंत्रणा फेजच्या कॉपी काढायला लागते. काही फेज तर अर्ध्या तासात शंभरेक कॉपी तयार करतात. बॅक्टेरिया फुटतो, पिल्लं बाहेर पडतात आणि शेजारच्याला धरतात. म्हणजे जिथे शत्रू जास्त तिथे औषध आपोआप वाढतं!

पण सगळेच फेज असे तडफदार नसतात. काही आत शिरतात आणि चक्क झोपून जातात, आपला डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएत मिसळून. या मुलीच्या जंतूंना धरणारे तीन फेज मिळाले, त्यातला सरळ मारणारा एकटा मडी. बाकीचे दोघे झोपाळू. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्यांना झोपवणारा जीनच कापून टाकला! मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. वांगं हा नशिबाचा भाग होता, पण हे मात्र निव्वळ डोकं.

२०१८ च्या जूनपासून तिघांचं मिश्रण तिला शिरेतून, दिवसातून दोनदा देणं सुरू झालं. जखम हळूहळू भरायला लागली, यकृतातला संसर्ग बराच ओसरला. जंतू पूर्ण गेले असं नाही, पण ती घरी राहून नेहमीचं आयुष्य जगू शकत होती. २०१९ मध्ये ही केस ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आली.

आता गंमत म्हणजे ही कल्पना आपल्या आजोबांच्या आजोबांच्या काळातली. १८९६ मध्ये आग्र्याला असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू तीन तासांच्या आत मरतात, आणि पाणी उकळलं की ती ताकद जाते. (म्हणून कुणी आज नदीचं पाणी पिऊ नका! फेज जिथे असतात तिथे त्यांचं खाद्यही असतं, म्हणजे बॅक्टेरिया. गटारात तर भरपूर फेज मिळतात.) पुढे १९१७ मध्ये फेलिक्स दरेल यांनी ‘बॅक्टेरियोफेज’ हे नाव दिलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत १९२३ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, ती आजही चालू आहे. पण १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. एकच गोळी, अनेक जंतूंवर चालते. मग प्रत्येक जंतूसाठी वेगळा फेज शोधत कोण बसणार?

आता ती वेळ पुन्हा आलीय. ‘लॅन्सेट’मधल्या अंदाजानुसार औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे २०१९ या एका वर्षात जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली. यात आपलाही हात आहे. सर्दी बहुतेकदा व्हायरसची, ॲन्टिबायोटिक त्यावर चालतच नाही, तरी आपण मेडिकलमध्ये जाऊन ‘ती मागच्या वेळची गोळी द्या’ म्हणतो. स्ट्रिपवरची लाल रेघ बघितलीय ना? चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, म्हणून असते ती.

मग फेज का नाही मिळत मेडिकलमध्ये? कारण तो फारच चोखंदळ. एकाच जातीच्या जंतूचे दोन नमुने असले, तर एकाला मारणारा फेज दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांना धक्का लागत नाही हा फायदा, पण प्रत्येक पेशंटसाठी जोडी जुळवत बसावी लागते. हॅटफुल यांच्या टीमने नंतर अशाच जंतूंनी आजारी २० जणांना फेज दिले. त्यातल्या ११ जणांना चांगला फरक पडला, बाकीच्यांना नाही. बेल्जियममधल्या गटाने जमवलेल्या १०० केसेसमध्ये सुमारे ७७ टक्के पेशंटमध्ये सुधारणा दिसली. पण तिथे तुलनेसाठी फेज न दिलेला गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जरा सांभाळूनच घ्यायचा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: फेजबरोबर ॲन्टिबायोटिकही चालू असेल तर जंतू नाहीसे होण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणजे फेज आला म्हणून गोळी रिटायर होत नाही, दोघांना जोडीनेच काम करावं लागणार.