रिकॉलपासून अपडेटपर्यंत

१९६५ साली राल्फ नेडर या तिशीतल्या वकिलाने ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहून अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांना घाम फोडला. अपघात झाला की चूक चालकाची, असं तोवर सर्रास धरलं जाई. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि सुरक्षेतला दोष ग्राहकाला कळवणं कंपन्यांना भाग पडलं. १९७४ च्या दुरुस्तीने तो फुकट काढून देणंही आलं. १९७८ मध्ये फोर्डने १५ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांतल्या ‘पिंटो’ मॉडेलची इंधन टाकी मागून धडक बसल्यावर पेट घेत होती.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या वाटेला असा नेडर गेलाच नाही. ‘आहे तसं घ्या, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही’ अशा अर्थाचा करार न वाचता मान्य करायची सवय आपल्याला लागली. २००३ मध्ये ब्लास्टर या संगणक-वर्मने धुमाकूळ घातला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे दोषदुरुस्त्या, देण्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. दोष इतके नेमाने निघत की त्यांचं वेळापत्रकच लागलं!

मग हेच सॉफ्टवेअर गाडीत शिरलं. जुलै २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरी बसून, लॅपटॉपवरून, सेंट लुइसजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा एसी, रेडिओ, वायपर चालवून दाखवले. शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती, म्हणून बरं. कंपनीने १४ लाख गाड्यांचा रिकॉल काढला आणि मालकांना पेनड्राइव्ह पाठवले. तेही टपालाने.

तीन वर्षांनी टेस्ला मॉडेल ३ ताशी ९६ किमी वेगातून थांबायला ४६ मीटर घेते, असं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या चाचणीत आढळलं. काही दिवसांत इंटरनेटवरून अपडेट गेलं आणि हे अंतर सुमारे ६ मीटरने घटलं. सोय मोठीच. पण ब्रेक विक्रीनंतर सुधारता येतो, तर विक्रीआधी तो नीट तपासला का गेला नव्हता? दुरुस्ती स्वस्त झाली की घाई वाढते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आली. नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि त्यांतल्या ‘दोषा’च्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आहे. तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये ‘अपडेट मारलंय’ एवढंच सांगून बोळवण केली, तर नेमकं काय बदललं ते जॉब कार्डवर लिहून मागा.