दगडी दिसणाऱ्या हलक्या फळ्या : कोठे लावाव्यात, कोठे लावू नयेत



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की आपल्याकडे दोन कामे हमखास निघतात. एक लेकीचे लग्न, दुसरे घराचे बांधकाम. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत तर आता शेताच्या बांधाला कारखाना आणि कारखान्याच्या कुंपणाला बंगला अशी स्थिती आहे. या नव्या घरांत दगडासारख्या दिसणाऱ्या हलक्या फळ्या भिंतींना लावण्याची टूम निघाली आहे. लांबून बघावे तर चिरेबंदी भिंत, बोटाने वाजवावे तर पोकळ आवाज! दुकानदार त्याला 'स्टोन पॅनेल' म्हणतो. पैसा आपल्या घामाचा आहे, म्हणून ही वस्तू आहे तरी काय, हे आधी समजून घेऊ.

वजनाचा हिशेब

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्याची एक इंच जाडीची, एक चौरस फुटाची लादी सुमारे साडेसहा किलो भरते. १० फूट बाय १० फूट भिंतीला अशी लादी लावली तर साडेसहाशे किलोंचा भार झाला, वर सिमेंट-वाळूचा वेगळाच. फोमची फळी मात्र चौरस फुटाला बहुधा अर्ध्या किलोच्याही आत असते. माडीवरच्या खोलीत किंवा जुन्या विटांच्या भिंतीवर ही गोष्ट नक्कीच सोयीची आहे. सुतार एका दिवसात काम उरकतो, घरभर धूळही होत नाही.

या फळ्यांत जाती आहेत. काही पॉलियुरेथेन फोमच्या असतात. मोटारीच्या गाद्यांत जो फोम असतो, त्याच्याच कुळातला हा कडक फोम. काही पीव्हीसीच्या, म्हणजे आपल्या पाइपलाइनच्या जातीच्या. काही सिमेंटच्या असतात. त्या जड, पण ऊन-पाऊस चांगला सोसतात. विकत घेताना जात विचारून बिलावर लिहून घ्यावी.

कोठे शोभतात

बैठकीच्या खोलीतील एखादी भिंत, टी. व्ही.च्या मागची बाजू, जिन्यालगतची भिंत, ओसरीची आतली बाजू, दुकानाचा दर्शनी भाग, या जागा योग्य. चारही भिंती मढवल्या तर खोली अंधारी व लहान वाटते. एकच भिंत पुरे.

कोठे नकोत

पहिली गोष्ट आगीची. फोम पेट घेतो, आणि जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू निघतात. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते आणि जळाली तर आम्लाचा झोंबणारा धूर सोडते. म्हणून गॅसच्या शेगडीमागे, चुलीजवळ, बंबाजवळ आणि देवघरात समईच्या मागे या फळ्या मुळीच लावू नयेत. तेथे फरशी किंवा खरा दगडच बरा. विजेच्या बटणांच्या पेटीभोवती वायरमनला विचारूनच काम करावे. आपल्यापैकी पुष्कळांनी कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत. एकाच खोलीत शेगडी, अंथरूण आणि बाहेर पडायला एकच दार! अशा खोलीत शोभेसाठी फोम लावणे म्हणजे परक्याच्या लेकरांचा जीव धोक्यात घालणे होय.

दुसरी गोष्ट ओलीची. मावळ-मुळशीचा पाऊस आपण जाणतोच. पोपडे आलेली भिंत फळीने झाकली म्हणजे ओल गेली असे नव्हे. ती आत मुरते, बुरशी धरते. साधी परीक्षा करा: भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर आधी गळती काढा, मग पुढचे बघा. नवा गिलावाही पुरता वाळू द्यावा.

तिसरी गोष्ट उन्हाची. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर साधा फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो. बाहेरच्या कामाला सिमेंटची फळी घ्यावी. आणि नुसत्या डिंकावर विसंबू नये, गट्टी ठोकून स्क्रूही मारावेत.

खरा दगड घरचाच आहे

एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. आमच्या पाहण्यात असे येते, की जुना वाडा पाडताना घडीव दगड मातीमोल भावाने ट्रॅक्टरमध्ये भरून दिला जातो आणि नव्या बंगल्याला दगडाचे नकली रूप विकत आणले जाते! चाकणचा भुईकोट डोळ्यांसमोर आणा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. अखेर सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला, तेव्हा कोठे तो पडला. आपल्या आजोबा-पणजोबांनी घडवून घेतलेला दगड जोत्याला, पायरीला, तुळशी-वृंदावनाला वापरावा. त्याला ना आग लागते, ना वाळवी. फळी त्याच्या जोडीला असू द्या, जागी नको.

जाता जाता ऊसवाल्यांसाठी एक माहिती. अमेरिकेत लुईझियाना प्रांतात १९२० च्या दशकापासून उसाच्या चिपाडापासून भिंतींचे तक्ते बनू लागले. आपल्या बगॅसचेही तक्ते होतात. म्हणजे भिंत सजवण्याचा माल आपल्या फडातही उभा आहे!

तेव्हा मंडळी, घर बांधा, हौसेने सजवा. पण फळी निवडताना गवंडी, सुतार आणि वायरमन या तिघांना एकदा समोरासमोर बसवा. आणि घरातल्या बाईमाणसाला आधी विचारा. कारण शेगडी कोठे पेटते आणि ओल कोठे येते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.