आंबवणाच्या पिंपाचे अडलेले झाकण
ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट रद्द झाली आणि आंबवणाचे पिंप अनेक घरांत कायमचे मुक्कामाला आले. हे पिंप बहुधा पंचवीस-तीस लिटरचे, प्लास्टिकचे असते आणि त्याच्या आट्यांच्या झाकणाला आतून रबरी कडे असते. यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते, तेव्हा हा वायू एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतून, बुडबुडत निघून जातो. मात्र सुरुवातीच्या दिवसांत वर चढणारा चिकट फेस आट्यांत शिरून वाळला, की झाकण पाक सांडलेल्या बरणीसारखे घट्ट बसते. अशा वेळी हिसका देणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण पिंप हादरले की तळाशी बसलेला गाळ ढवळून वर येतो. आधी एअरलॉक काढून आतला-बाहेरचा दाब समान करावा, मग गरम पाण्यात पिळलेले फडके झाकणाच्या कडेभोवती काही मिनिटे गुंडाळावे, म्हणजे वाळलेला थर विरघळतो आणि प्लास्टिकही किंचित सैल पडते. एवढ्यानेही भागले नाही, तर पट्ट्याचा पाना लावावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह मात्र आवरावा, कारण प्लास्टिकवरील ओरखडे नीट धुतले जात नाहीत आणि त्यांत दडलेले जंतू पुढची बिअर नासवू शकतात.